सविकल्प समाधी आणि चित्रकथांची जत्रा

सुशिक्षित मध्यम वर्गाच्या घरांतून अलीकडे एका नव्याच विषयाची भवति न भवति ऐकू येऊ लागली आहे. कॉलेजात शिकणारी मुलगी परीक्षा तोंडावर आली असता फोमची चादर कापून तिचे चिलखत बनविते, निळ्या केसांचा टोप विकत आणते आणि एके दिवशी पहाटेच्या गाडीने तो सारा सरंजाम घेऊन मुंबईस जाते. तेथे तिच्यासारखीच हजारो मुले जपानी व अमेरिकन चित्रकथांतील पात्रांची सोंगे घेऊन जमलेली असतात. रात्री ती घरी परतते ती दुखावलेल्या पायांनी व बसलेल्या घशाने. मुद्रेवर मात्र समाधान असते. वडील म्हणतात, हा पोरखेळ आहे. आई म्हणते, निदान व्यसन तरी नाही. आणि आजोबांचे ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी आरंभ झालेले वाक्य पुरे होण्याच्या आत मुलगी झोपी गेलेली असते. हा वाद घरोघर होत असला तरी साहित्याच्या दृष्टीने विचारावयाचा प्रश्न त्यात सहसा कोणी विचारीत नाही. हा मेळा रसिकांचा आहे की गिऱ्हाइकांचा, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दांची ओळख करून घेणे सोयीचे होईल. जपानात छापील चित्रकथेस ‘मांगा’ म्हणतात आणि चलच्चित्राच्या रूपाने सांगितलेल्या कथेस ‘अ‍ॅनिमे’. ही केवळ बालकांची करमणूक होय, हा आपल्याकडील समज निराधार आहे. ओसामू तेझुका (१९२८–१९८९) या थोर चित्रकथाकाराने भगवान बुद्धाच्या चरित्रावर १९७२ ते १९८३ अशी अकरा-बारा वर्षे खपून एक प्रदीर्घ मांगा रचली. ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकाचा खप गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ६५ लाखांपर्यंत पोचला होता. आता राहिला तिसरा शब्द ‘कॉस्प्ले’. आवडत्या पात्राचा वेष घेऊन त्याच्यासारखे वावरणे, हा त्याचा अर्थ. पोशाख आणि खेळ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची मोडतोड करून नोबुयुकी ताकाहाशी या जपानी गृहस्थांनी १९८० नंतरच्या दशकात तो रूढ केला. प्रकार मात्र शब्दाहून जुना आहे. १९३९ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा-संमेलनास फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस ही दोघे भविष्यकाळातील मानवाचा कल्पित पोशाख घालून आली होती. आणि शिमग्यातील सोंगे ज्याने पाहिली आहेत, दारी आलेल्या बहुरूप्याने ज्याला लहानपणी खराखुरा फौजदार वाटून भेवडाविले आहे, त्या मराठी माणसास तर या प्रकाराचे नवल वाटण्याचे कारणच नाही.

परंतु शिमग्याचे सोंग आणि हे नवे सोंग यांत एक भेद आहे आणि तोच हा विषय साहित्यविचाराच्या कक्षेत आणतो. बहुरूप्याचा फौजदार कोणत्याही पुस्तकातून आलेला नसतो. या मुलीचे पात्र पुस्तकातून आलेले असते. ती प्रथम वाचक आहे आणि मग वेषधारिणी. येथे न. चिं. केळकर यांच्या एका जुन्या सिद्धान्ताचे स्मरण होते. १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष या नात्याने बोलताना त्यांनी वाङ्मयापासून होणाऱ्या आनंदास ‘सविकल्प समाधी’ हे नाव दिले. योग्याची निर्विकल्प समाधी लागली म्हणजे त्याचे ‘मी’पण लोपते. वाचकाचे तसे होत नाही. तो दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो खरा, पण स्वतःची भूमिका सोडीत नाही. एकाच वेळी आपण आपणही असावे आणि दुसरेही कोणी असावे, या दुहेरी अवस्थेत त्याचा आनंद असतो. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ वाद झाले; समाधी हा शब्द येथे कितपत शोभतो, असेही विचारले गेले. परंतु वाद घालणाऱ्या पंडितांपैकी कोणालाही ही समाधी शिवणयंत्रावर शिवता येईल असे वाटले नसेल. चिलखत घातलेली ती मुलगी नेमकी तीच गोष्ट करीत असते. आपण कोण आहोत, आपली परतीची गाडी किती वाजता आहे आणि उद्या कोणता पेपर आहे, हे तिला पक्के ठाऊक असते. आणि तरीही काही घटका ती दुसरी कोणी असते.

इतकेच नव्हे, तर तिचा वेष हे एका परीने भाष्यच असते. नायकाच्या अंगरख्याची बाही डाव्या बाजूस फाटलेली आहे की उजव्या, त्याच्या तलवारीच्या मुठीवरील दोऱ्याची वीण कशी आहे, पराभवानंतर तो मान कोणत्या अंगाने झुकवितो, या गोष्टी ज्याने एकेक चित्रचौकट शंभरदा निरखली आहे त्यालाच कळतात. आमच्या वर्गात ‘उत्तररामचरिता’तील एखाद्या श्लोकावर इतकी नजर खिळवून बसणारा विद्यार्थी वर्षाकाठी एखादाच भेटतो. सूक्ष्म वाचन म्हणून ज्याचा आम्ही प्राध्यापकमंडळी उदो उदो करतो, ते या मुलांनी कोणी न शिकविता साधले आहे. ज्या पुस्तकावर त्यांनी ते खर्च केले ते त्या योग्यतेचे आहे की नाही, हा प्रश्न निराळा. वाचनाची जात मात्र अस्सल आहे.

अशी ही मुले एका छपराखाली एकत्र आली म्हणजे काय घडते, हे प्रत्यक्ष पाहावे म्हणून गेल्या हिवाळ्यात मी अशा एका संमेलनास गेलो होतो. त्याचे नाव येथे देत नाही. कारण ज्या दोषांविषयी लिहावयाचे आहे ते एका संस्थेचे नसून या सबंध प्रकाराच्या मुळाशी असलेल्या एका समजुतीचे आहेत. मी राहतो ते चौक हे खालापूर तालुक्यातील, इर्शाळगडाच्या सावलीतले, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे गाव. येथील किंवा कर्जतच्या मुलास जपानी चित्रकथा भेटते ती बहुधा फोनच्या वीतभर काचेवर. ते पुस्तक हाती घेऊन चाळावे, त्याविषयी बोलणारा दुसरा कोणी भेटावा, असे वाटले तर त्याने लोकल गाठून मुंबईच जवळ करावयाची. माझ्याबरोबर आलेले सहा विद्यार्थी याच ओढीने आले होते. त्यांपैकी दोघांनी वेष घेतले होते. ते पिशव्यांत भरून, गर्दीच्या डब्यात लोकांच्या चेष्टा सोसून, त्यांनी तेथवर नेले.

संमेलनस्थानी पोचल्यावर पहिले दर्शन झाले ते रांगेचे. तिकिटे आगाऊ काढलेली असूनही आत पाऊल ठेवावयास पावणेदोन तास लागले. आत गेल्यावर रांग संपली आणि दाटी सुरू झाली. पंढरीच्या वाळवंटातील गर्दी मला ठाऊक आहे, गणेशविसर्जनाची गर्दीही ठाऊक आहे. परंतु ही गर्दी त्यांहून वेगळी होती. येथे कोणी कोठे चालले नव्हते. लोटा येईल तिकडे जावयाचे, एवढेच हाती होते. चार बाजूंस चार ध्वनिक्षेपक चार निरनिराळ्या गोष्टी ओरडत होते. मध्यभागी मोठमोठ्या कंपन्यांची दालने होती. तेथे फोनची जाहिरात होती, सरबतांची होती, संगणकीय खेळांची होती. पुतळे, पोस्टर, टी-शर्ट, कीचेन यांचे ढीग होते. चित्रकथा ज्यांनी स्वतः रचल्या व काढल्या अशा तरुण चित्रकारांची टेबले शोधता शोधता ती सापडली मागच्या भिंतीशी, खाद्यपदार्थांच्या वाटेवर. तेथे उभे राहावयास जागा नव्हती. थांबून एक पान उलटावे तर मागून धक्का येई. एका चित्रकाराने आपले पुस्तक माझ्या हाती दिले आणि कथानक सांगावयास आरंभ केला. पण त्याचे ओठ हलताना दिसत, शब्द ऐकू येत नसत.

आता वेषधारी मुलांचे काय झाले ते सांगतो. कागदावर पाहिलेल्या एका पात्राची उदास, अबोल मुद्रा साधण्यासाठी माझ्या विद्यार्थ्याने महिनाभर आरशासमोर सराव केला होता. आत शिरताच वीस-पंचवीस जणांनी त्याच्याभोवती कोंडाळे केले, खांद्यावर हात टाकून छायाचित्रे घेतली आणि ते निघून गेले. त्यांपैकी एकानेही त्या पात्राविषयी अवाक्षर काढले नाही. पुष्कळांना ते कोण हेच ठाऊक नसावे. पुढे कोणाच्या तरी पिशवीत अडकून त्याच्या तलवारीची मूठ उखडली. मुलींची कुचंबणा तर याहून अधिक. एकीला तर आपल्या वेषावर ओढणी पांघरून कोपऱ्यात बसावे लागले. दुपारी दोनच्या सुमारास ती मुले भिंतीला टेकून, केसांचे टोप मांडीवर ठेवून बसली होती. सविकल्प समाधीतील विकल्प तेवढा उरला होता, समाधी भंगली होती.

याविषयी कोणी म्हणेल की, गर्दी ही व्यवस्थेची बाब आहे. तिकिटे कमी विकावी, दारे वाढवावी, पंखे लावावे म्हणजे झाले. त्यात टीकाकाराने लेखणी झिजविण्याचे कारण काय? हा आक्षेप वरवर पाहता सयुक्तिक वाटतो. परंतु विचारांती असे दिसेल की, येथे गर्दी हा केवळ व्यवस्थेचा दोष नसून रसदृष्टीचाच दोष आहे. नाटकगृहात खुर्च्या मोडक्या असल्या तर ती व्यवस्थेची हयगय होय. पण रंगभूमीवरच प्रेक्षकांची दाटी होऊन नटास हात उचलता येईनासा झाला, तर नाटकच नाहीसे झाले असे म्हणावे लागेल. या संमेलनांत रंगभूमी आणि प्रेक्षागृह एकच असते. वाचकच येथे नट आहे, आणि त्यास जी जागा लागते ती त्याच्या कलेचे साधन आहे. चित्रास कागद लागतो तशी. ती जागा विकून टाकणे म्हणजे कागदच विकून टाकणे होय.

आमच्याकडील आदिवासींना हे तत्त्व शब्दांवाचून ठाऊक आहे. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून सोंगे एकामागून एक येतात, रात्रभर उत्सव चालतो; परंतु सोंग आले की लोक दुतर्फा सरतात व त्यास नाचावयास वाट मोकळी करून देतात. मुखवट्यामागचा माणूस शेजारच्या पाड्यातला आहे हे सर्वांस ठाऊक असते. पण मुखवटा आहे तोवर त्याचा मान राखला जातो. उलटपक्षी, आमच्या चौकानजीकच नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली उभारलेला चित्रपटांचा स्टुडिओ आहे. ‘जोधा अकबर’ (२००८) या बोलपटासाठी तेथे मोगली राजवाड्याचा भव्य देखावा उभा राहिला. त्या राजवाड्यासमोर उभे राहून छायाचित्र काढणारा मनुष्य पाहुणा असतो. राजवाडा दुसऱ्या कोणी बांधलेला असतो आणि त्याने तो नुसता पाहावयाचा असतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु बोहाड्यातला मनुष्य सहभागी आणि देखाव्यापुढला मनुष्य पाहुणा, हा भेद ध्यानात ठेविला पाहिजे. आमची चित्रकथा-संमेलने स्वतः वेष शिवून आलेल्या सहभागी माणसास पाहुणा करून सोडतात, आणि पाहुण्यास गिऱ्हाईक.

गर्दी आणि रसिकता यांचे मुळातच वैर आहे असे मात्र नाही. वारीत लाखो लोक चालतात, तरी दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. रथापुढील दिंडी कोणती व रथामागील कोणती, हे लहान पोरासही ठाऊक असते. कारण तेथे कोणीच गिऱ्हाईक नाही. जो तो वारकरी. याच तत्त्वावर जगातील सर्वांत मोठा चित्रकथांचा मेळा चालतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या कानावर नाही, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

जपानात १९७५ साली एका मोठ्या मांगा-संमेलनावर टीका केली म्हणून एका रसिक व्यक्तीस प्रवेश नाकारण्यात आला. त्यावर ‘मेइक्यू’ या नावाच्या टीकाकारांच्या एका लहानशा मंडळाने निषेध केला आणि निषेधावर न थांबता स्वतःचा मेळा भरविला. योशिहिरो योनेझावा हे त्या मंडळींपैकी एक प्रमुख. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्यो शहरातील एका सभागृहात हा पहिला ‘कॉमिक मार्केट’ भरला. तेव्हा आपली पुस्तके घेऊन आलेली मंडळे होती ३२ आणि माणसे सुमारे ७००. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच मेळ्यास चार दिवसांत मिळून साडेसात लाख लोक आले. इतकी माणसे एकत्र येऊनही तो मेळा चालतो, याचे रहस्य त्याच्या घटनेत आहे. तेथे ‘ग्राहक’ हा शब्दच वापरीत नाहीत. पुस्तक विकणारा सहभागी, विकत घेणारा सहभागी आणि रांगा लावणारा स्वयंसेवकही सहभागी. तिघांचे हक्क आणि तिघांची जबाबदारी सारखी. विकली जाणारी पुस्तके बव्हंशी हौशी मंडळांनी स्वतः रचून, स्वतःच्या खर्चाने छापलेली असतात. येणारा मनुष्य टेलिफोनच्या यादीसारखी जाडजूड सूची आधी अभ्यासून, कोणत्या टेबलाशी जावयाचे ते नकाशावर आखून येतो. वेष घरून घालून यावयाचा नाही. तेथे येऊन नेमलेल्या खोलीत घालावयाचा आणि मोकळ्या ठेवलेल्या जागेत मिरवावयाचा, असा दंडक आहे. म्हणजे वेषधाऱ्यास त्याचे अंगण मिळते आणि पुस्तकवाल्यास त्याचे टेबल. तेथेही उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात, पहाटेपासून रांगा लागतात. तो स्वर्ग आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या मेळ्याचा जन्म टीकेच्या स्वातंत्र्यासाठी झाला आणि ज्याच्या मध्यभागी पुस्तक आहे, त्यातील गर्दी ही वाचकांची गर्दी राहते.

अमेरिकेतील परंपरा निराळी. सॅन डिएगो येथील सुप्रसिद्ध संमेलनाचा आरंभ १९७० च्या मार्चमध्ये एका हॉटेलात शंभरएक लोकांच्या एका दिवसाच्या बैठकीने झाला. आता तेथे लाखाच्या वर लोक जातात, आणि चित्रपट-कंपन्यांच्या नव्या बोलपटांची घोषणा हा त्यातील मुख्य सोहळा होऊन बसला आहे. आपल्या देशात फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीस पहिले कॉमिक-संमेलन भरले. त्या प्रसंगी ‘अमर चित्र कथे’चे जनक अनंत पै यांचा जीवनगौरव करण्यात आला, आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांतच ते निवर्तले. ज्याने १९६७ पासून भारतीय मुलांच्या दोन पिढ्यांना चित्रांतून कथा वाचावयास शिकविले, त्याच्या सन्मानाने झालेला हा आरंभ शुभसूचक होता. पुढे मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांतून ही संमेलने पसरली. मात्र वाढ होता होता आपण सॅन डिएगोचा आजचा थाट तेवढा उचलला. तोक्योची घटना उचलली नाही. चूक झाली ती येथे.

हे सारे परकीयांचे अनुकरण आहे, असा दुसरा एक आक्षेप वडीलधाऱ्या मंडळींकडून येतो. त्याला उत्तर फार लांब जाऊन शोधावयास नको. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले तेव्हा त्यांनी परक्याचेच पात्र आपल्या भाषेत आणिले, आणि त्यामुळे मराठी रंगभूमी दरिद्री झाली असे कोणी म्हणत नाही. शिवाय या देवघेवीत आपण केवळ घेणारेच नाही. तेझुकांची बुद्धकथा वर सांगितलीच आहे. युगो साको या जपानी गृहस्थांनी भारतात येऊन रामकथेचा ध्यास घेतला आणि राम मोहन या आपल्या चित्रकाराच्या सहकार्याने तिचा चलच्चित्रपट रचला. १९९२ साली पूर्ण झालेला तो चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडील चित्रपटगृहांत पुन्हा झळकला, तेव्हा तो पाहावयास आजोबा आणि नातू बरोबर गेलेले मी पाहिले आहेत. परकीय कथेवर प्रेम करणे हा दोष नव्हे. आपल्या भाषेत त्या तोलाची कथा नसणे आणि ती नाही याची आपणास खंतही नसणे, हा दोष होय.

त्या दिवशी संमेलनात मी मराठी चित्रकथा शोधीत होतो. मला एकही आढळली नाही. इंग्रजी होत्या, काही हिंदी होत्या. टेबलामागील निदान तिघे तरुण माझ्याशी स्वच्छ मराठी बोलले. परंतु त्यांच्या पुस्तकांतील पात्रे इंग्रजी बोलत होती. मराठीत का लिहीत नाही, असे विचारता एकाने सरळ सांगितले की, मराठीत ती छापील कोण आणि विकत घेईल कोण? त्यास देण्याजोगे उत्तर माझ्याजवळ नव्हते. वास्तविक चित्रांची माळ लावून कथा सांगण्याची कला या भूमीस नवी नाही. कुडाळजवळील पिंगुळी येथील चित्रकथी कागदावरील चित्रांची पोथी एकेक पान पुढे करीत गाऊन कथा सांगत आले आहेत. ती परंपरा टिकविणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. १९५२ मध्ये मराठी ‘चांदोबा’ आला आणि घरोघर मुलांच्या हाती गेला. ‘आवाज’च्या दिवाळी अंकांतील खिडकीचित्रांनी वडील माणसांसही चित्र वाचावयाची सवय लावली. १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने वर्तमानपत्राचे शेवटचे पान प्रथम वाचावयास शिकविले. म्हणजे चित्र आहे, विनोद आहे, वाचकही आहे. नाही ती मोठ्या पल्ल्याची, वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या मनातील भीती, मैत्री, पराभव आणि महत्त्वाकांक्षा यांना हात घालणारी मराठी चित्रकादंबरी. बालवाङ्मय संपते आणि खांडेकर-फडके हाती येतात, त्या मधल्या पाच-सात वर्षांत आमच्या मुलास मराठीत वाचावयास काय आहे, याचा हिशेब आपण फारसा मांडलेला नाही. ती रिकामी जागा जपानने भरून काढली, यात जपानचा अपराध कोणता?

येथे पणास लागलेली वस्तू फार मोठी आहे. पुस्तकावर इतके उत्कट प्रेम करणारा तरुण वाचक मराठी साहित्याच्या दारात आज क्वचित दिसतो. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यास ग्रंथकारांचा पहिला मेळा भरला. तेव्हापासून साहित्यसंमेलनांची जी परंपरा चालत आली आहे, तीत वाचकाने श्रोत्याच्या खुर्चीत बसावे, भाषणे ऐकावी आणि जाताना ग्रंथदालनातून दोन पुस्तके घ्यावी, यापलीकडे त्याला फारशी भूमिका नाही. चित्रकथांच्या जत्रेत त्याला भूमिका आहे, पण तिला अंगण नाही. एकीकडे शिस्त आहे आणि उत्कटता नाही; दुसरीकडे उत्कटता आहे आणि तिची कदर नाही. दोघांनीही एकमेकांकडून शिकावयाचे पुष्कळ आहे.

उपाय मोठ्या भांडवलाचा नाही. तोक्योचा मेळा बत्तीस टेबलांनी सुरू झाला. तितकी टेबले जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या सभागृहात मावतात. वर्षातून एक दिवस ते सभागृह द्यावे. ज्याने स्वतः चित्रकथा रचली असेल, मग ती आठ पानांची का असेना, त्यासच टेबल मिळावे. प्रवेश मोजका असावा. वेष घेऊन येणाऱ्यास अंगण राखून ठेवावे आणि ज्या पात्राचा वेष त्याने घेतला त्याविषयी पाच मिनिटे बोलावयास सांगावे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी तेथे यावे आणि परतताना एखादा तरुण चित्रकार बरोबर न्यावा. ग्रंथालयांनी मराठी चित्रकथा विकत घेण्यासाठी थोडी रक्कम बाजूस काढावी, म्हणजे ‘विकत घेईल कोण’ या प्रश्नास निदान एक तरी उत्तर मिळेल. आणि आईबापांनी एवढेच करावे की, मुलीने चिलखत घालून आरशासमोर उभे राहिल्यावर, हे काय सोंग, असे न म्हणता, ही कोण, असे विचारावे. ती सांगावयास लागली की तासभर थांबणार नाही. मराठी वाचनाची पुढली पिढी कोठे आहे म्हणून आपण व्याख्यानांतून चिंता वाहतो. तिच्याशी बोलावयाचे तर तो तासभर आपण ऐकून घेतला पाहिजे.